दगड ठेवलेली रास

वेडी बाभूळ वरून तोडणं कुणालाही जमतं. मुळासकट काढायची म्हटली की कंबरेचे काटे ढिले होतात. गुडगावच्या त्या कंपनीला ती मुळासकटच काढून हवी होती, कारण तिथे बंगले उठायचे होते. तिकडची माणसं त्या झाडाला कीकर म्हणतात. त्यांनी वर्षभर ती वरवर छाटली आणि दर दोन महिन्यांनी ती पुन्हा डोक्याएवढी फुटून आली. शेवटी ठेकेदाराला कुणीतरी सांगितलं, बीडकडची माणसं आणा, ती खुंट काढतात.

पंच्याण्णव साल होतं. बीडकडे ऊस जळून गेला होता आणि कारखान्याचा बॉयलर पेटणार नव्हता. दिवाळी झाल्याबरोबर मुकादम पद्माकर घरोघर हिंडला आणि सहा कोयते गोळा करून त्याने दिल्लीच्या गाडीत बसवले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. गुलाबराव आणि कौशल्या हा त्यातला एक कोयता. त्यांच्याबरोबर त्यांची लेक सुनंदा होती, सात महिन्यांची पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माहेरच दिल्लीला निघालं तर लेकीने जायचं कुठे? तीही गाडीत बसली.

कामाच्या जागी रस्त्याला लागून एक मोठा बोर्ड होता. त्यावर हिरवी झाडं, निळं तळं आणि सायकलवर बसलेलं एक गोरं कुटुंब रंगवलं होतं. बोर्डाच्या मागे खरी झाडं होती, ती काढायला ही माणसं आणली होती.

पहिल्याच दिवशी बोलणं झालं. पद्माकर ठेकेदारासमोर उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, बुंधा कंपनी का. शेंडा और जड़ हमारा. हमारे उधर ऐसाच रहता है."

बीडकडे ऊस कारखान्याचा आणि वाढे तोडणाऱ्याचे. उसाच्या शेंड्याची हिरवी पात ती. बैलाला घाला, नाहीतर विका, कुणी विचारत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडल्याचंही कधी कुणी ऐकलेलं नाही. ठेकेदार पान चघळत होता. तो म्हणाला, "हाँ हाँ, ले लो जड़ें. जड़ों का हम क्या अचार डालेंगे?"

गुलाबरावाला ते पुरेसं वाटलं. त्याला का वाटू नये? जन्मभर तो असल्याच शब्दावर जगला होता.

काम असं होतं. बुंध्याभोवती कंबरभर खड्डा घ्यायचा. आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडायच्या. मग खुंटाखाली पहार घालायची आणि नवरा-बायको दोघांनी मिळून तिच्यावर अंग टाकायचं. एकेक खुंट अर्धा दिवस खायचा. डिसेंबर लागला तशी सकाळी पहार हातात धरवेना, लोखंड चावायचं. कौशल्येने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तिला गुंडाळल्या. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जायचा. एकदा तिच्या टाचेत मोडला आणि पाय पोटरीपर्यंत सुजला. गुलाबरावाने चिमणीवर टाचणी तापवून तो काढला.

"रडू आलं तर रड की," तो म्हणाला.

"रडले तर तूच चार शिव्या घालशील वर," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी लंगडत खड्ड्यात उतरली.

पालं कुंपणाच्या भिंतीलगत होती, बांबू आणि प्लास्टिकची. भिंतीच्या आतल्या बाजूला कंपनीच्या तीन इमारती पुऱ्या होऊन माणसं राहायला आली होती. रविवारी फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं यायची. त्या दिवशी पालांपुढे हिरवं कापड ताणायचं, चूल पेटवायची नाही आणि बाहेर दिसायचं नाही, असा हुकूम होता. सहा कोयते रविवारभर कापडामागे बसून राहायचे. सुनंदा एकदा म्हणाली, "आई, आपण काय उघडी गटार हाये का?" कौशल्येने कापडाची सुटलेली गाठ पुन्हा आवळली.

पालापाशी लाकूड रचायलाही बंदी होती. आग लागेल म्हणे, आणि वाईट दिसतं. त्यामुळे आपापल्या मुळ्यांच्या राशी सगळ्यांनी जंगलातल्या वाटेच्या कडेने घातल्या. ती वाटही त्यांनीच काढली होती. टेकडीपर्यंतची थोडी झाडं कंपनीने ठेवली होती आणि साहेबांना तिथून फिरायला रस्ता हवा होता. एक माणूस पांढऱ्या फक्कीने रेघ मारून गेला. ह्यांनी सहा फूट रुंद वाट साफ केली, खडे वेचले, दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्या छाटल्या.

उरलेली फक्की पाण्यात कालवून, तिच्यात बोटं बुडवून प्रत्येकाने एकेका दगडावर खूण केली आणि तो आपल्या राशीवर ठेवला. कौशल्येची खूण दोन बोटांची, उभी. राशीवर दगड ठेवला की तिला मालक आहे. मग ती गोवऱ्यांची असो, सरपणाची असो, रानात चार महिने पडून असो, तिला हात लावायचा नाही. लावायचा झालाच तर आधी दगड उचलून बाजूला ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात माणसाला स्वतःची लाज वाटते.

शेजारच्या गावातून एक म्हातारी रोज सरपणाला यायची. अंगात घागरा, डोक्यावर ओढणी, हातात विळा. तिला मराठी येत नव्हतं आणि कौशल्येला तिची बोली कळत नव्हती. पहिल्या दिवशी म्हातारीने दगड बघितला, कौशल्येकडे बघितलं, मान हलवली आणि खाली पडलेल्या काटक्या तेवढ्या वेचून नेल्या. एक अक्षर बोलावं लागलं नाही. पुढे तिनेच सुनंदाला बघून आपल्या घरची जुनी खाट आणून दिली.

आणि मीनाक्षी भेटली. ती इमारतीत राहायला आलेली. एक दिवस पांढरे बूट घालून नव्या वाटेने चालत आली आणि मराठी कानावर पडल्याबरोबर थबकली.

"अगं बाई! तुम्ही मराठी? कुठल्या?"

"बीडच्या, ताई."

"अच्छा! आम्ही पुण्याचे. मिस्टरांच्या ऑफिसमुळे इथे आलो. इथे मराठी बोलायला कुणी मिळत नाही यार, मला इतकं बरं वाटलं!" तिने सुनंदाच्या पोटाकडे बघून आणखी चौकशी केली, वाट किती छान झाली म्हणून कौतुक केलं आणि मग तिची नजर राशींवर गेली. "हे दगड का ठेवलेत? पूजा वगैरे?"

"पूजा न्हाय. दगड ठिवला म्हंजी ह्या राशीला मालक हाये. ही रास मपली. लेक बाळंत होईल, तिच्या बाजंखाली शेगडी ठिवावी लागंल. आत्ता मुळी वली हाये, धूर करती. संक्रांतीपातुर वाळंल."

"म्हणजे ना कुलूप, ना चौकीदार, नुसता दगड? किती स्वीट!" मीनाक्षीने एका दगडावर हातही फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने बाळासाठी एक लोकरी टोपरं आणून दिलं आणि निघताना म्हणाली, "काही लागलं तर हक्कानं सांगा हं."

कौशल्येने ते शब्द मनात जपून ठेवले. परमुलखात कुणी हक्काने सांग म्हणतं म्हणजे केवढा आधार!

चार जानेवारीला सुनंदा बाळंत झाली. गावातली म्हातारी येऊन बसली, तिच्या हातून मुलगी झाली. पोरगी लहानशीच होती, पण रडणं खणखणीत होतं. धुकं इतकं दाट होतं की दुपारी बारालाही शेजारचं पाल दिसत नव्हतं. प्लास्टिकला आतून पाणी सुटायचं आणि थेंब थेंब खाटेवर पडायचं. पहिले आठ दिवस कौशल्येने पालामागे लपवून ठेवलेल्या चार मुळ्या पुरवून पुरवून जाळल्या. वेड्या बाभळीच्या वाळल्या मुळीचा निखारा धूर करत नाही आणि पहाटेपर्यंत राहतो. बाळंतिणीला तोच लागतो. नवव्या दिवशी त्या संपल्या. सुनंदाचं अंग दुखत होतं, कंबर धरली होती आणि पोरीचे पाय काही केल्या गरम होत नव्हते.

"जा, आता रास मोडा," कौशल्या नवऱ्याला म्हणाली. "वाळलीया ती."

गुलाबराव दुपारी दोर घेऊन गेला आणि रिकामा दोर घेऊन परत आला.

"रास न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय म्हंजी?"

"कुणाचीच न्हाय. साही राशी गेल्या. टरेक्टरची चाकं उमटल्यात वाटंवर."

कौशल्या स्वतः बघायला गेली. जिथे रास होती तिथे पिवळं पडलेलं गवत आणि मुंग्यांची धावपळ होती. दगडही नव्हता. ती बराच वेळ दगडच शोधत होती. लाकूड कुणी चोरील, पण दगड कशाला नेईल, हे तिला समजेना.

गुलाबराव पद्माकरला घेऊन ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार खुर्ची उन्हात टाकून बसला होता, म्हणजे असेल तेवढ्या उन्हात.

"साब, जड़ हमारा बोला था तुम," पद्माकर म्हणाला.

"बोला था. तो उठा लेते. डेढ़ महीना कंपनी की ज़मीन पर पड़ी रहीं. ज़मीन किसकी? कंपनी की. उस पर पड़ी चीज़ किसकी?"

"साब, पाल के पास रखने को तुमनेच मना किया."

"ज़बान मत लड़ा. इतना जंगल पड़ा है, दूसरी ले लो."

पद्माकर वळला आणि गुलाबरावालाच म्हणाला, "जाऊ दे, दुसरी घे. सगळीकडं लाकूडच हाये."

गुलाबराव संतापला. "वली हाये ती, पद्माकर! वल्या मुळीचा धूर नऊ दिवसाच्या लेकराच्या डोळ्यात घालू का? तू मुकादम हायेस का त्याचा गडी?" पद्माकरने खाली बघितलं. मुकादम म्हणून तो दोन्हीकडचा होता आणि अशा वेळी तो ज्याच्याकडून पगार येई त्याच्याकडचा व्हायचा.

तेव्हा कौशल्येला मीनाक्षी आठवली. हक्कानं सांगा. ती फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने तिला आत सोडलं नाही, तो इंटरकॉमवरून म्हणाला, "मैडम, वो लेबर वाली आई है." कौशल्या फाटकाबाहेर थंडीत उभी राहिली. आतून गाड्या येत होत्या, दर वेळी तिला बाजूला सरकावं लागत होतं. अर्ध्या तासाने मीनाक्षी शाल लपेटून खाली आली.

"कौशल्याबाई! बाळ कसंय? आज मी जाम गडबडीत आहे, संध्याकाळी आमची लोहडी आहे ना, इकडची होळीच ती. मी कमिटीत आहे."

"ताई, आमच्या राशी नेल्या कुणीतरी. टरेक्टर घालून."

मीनाक्षीचा चेहरा थोडा बदलला. "त्या वाटेवरच्या? अगं, ते... सगळे म्हणत होते, लोहडीला लाकूड कुठून आणायचं. मीच म्हटलं, ट्रेलवर ढीगच्या ढीग पडलेत."

 पहारेकऱ्यावर, ठेकेदारावर आला नव्हता इतका राग कौशल्येला आता आला. ते नेणारच होते. त्यांना ठाऊक नव्हतं किंवा त्यांना पर्वा नव्हती. हिला सगळं सांगितलं होतं, हिच्याच भाषेत.

"तुमाला म्या सांगितलं हुतं दगडाचं. तुमी हात फिरवला हुता त्याच्यावर."

"हो गं, पण तेव्हा मला आठवलंच नाही. खरंच सॉरी." मीनाक्षी घड्याळाकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे एक जुना हीटर आहे. तो देऊ का? एकदम छान चालतो."

"लावू कुठं? बाभळीला?"

मीनाक्षीने शाल सावरली. मग म्हणाली, "मी उद्या मीटिंगमध्ये बोलते, बिल्कुल बोलते. एका दिवसाचा तर सण आहे." आणि ती आत गेली.

संध्याकाळी सहा वाजता भिंतीपलीकडे ढोल सुरू झाला. उजेड इतका चढला की पालांच्या प्लास्टिकवर तांबडं हलू लागलं. सुनंदा पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती. पोरीला तिने पोटाशी घेतलं होतं आणि वरून दोन पोती, एक लुगडं, बापाचा कोट एवढं सगळं ओढलं होतं.

"आई, तिचे व्हट बघ," ती म्हणाली. "निळे वाटत्यात."

कौशल्येने नातीच्या ओठाला बोट लावून बघितलं. मग उठली, कोपऱ्यातलं घमेलं घेतलं, त्याला खालून ओलं पोतं लावलं आणि फावडं गुलाबरावाच्या हातात दिलं. "चल."

"कुठं?"

"आपलं लाकूड पेटलंय तिथं."

भिंतीला मागच्या अंगाने एक खिंडार होतं, ट्रक आत घ्यायला पाडलेलं. त्यातून दोघं आत गेले. मोकळ्या मैदानात जाळ होता, माणसाच्या दुप्पट उंच. साही कोयत्यांची मुळी त्यात होती. दीड महिना खड्ड्यात उतरून, काटे खाऊन काढलेली. भोवती दोनशे माणसं नाचत होती. कुणी शेंगदाणे टाकत होतं, कुणी रेवड्या. आणि जाळ पसरू नये म्हणून भोवती दगडांचं गोल कुंपण केलं होतं. कौशल्येने एक दगड बघितला आणि तिचे पाय थांबले. त्यावर फक्कीची दोन बोटं होती, उभी. पलीकडच्यावर शेजारच्या पालातल्या इंदुमतीचं फुलीचं चिन्ह होतं. म्हणजे त्यांनी दगड उचलले होते, पाहिले होते, आणि कामाला येतील म्हणून जपून आणलेही होते.

"ओढ," ती नवऱ्याला म्हणाली.

गुलाबरावाने फावडं जाळाच्या बुडात घातलं आणि निखारे ओढले. घमेलं भरलं. कुणाला वाटलं बाई प्रसाद मागायला आली आहे. एका बाईने हसून मूठभर रेवड्या घमेल्यात टाकल्या. त्या निखाऱ्यावर पडून फसफसल्या आणि काळ्या झाल्या. बाईचं हसू गेलं.

"ओ माई! कहाँ घुसी आ रही है?" पहारेकरी धावत आला.

"मेरा लकड़ी है," कौशल्या म्हणाली. तिने घमेलं उचललं आणि ती चालू लागली. निखाऱ्यांनी भरलेल्या घमेल्याला हात लावायची पहारेकऱ्याची हिंमत झाली नाही.

खिंडारापाशी इंदुमती आणि तिचा नवरा बळवंत उभे होते. त्यांच्यामागे बाकीचे चार कोयते. उजेड बघून सगळेच आले होते, सगळ्यांच्याच राशी गेल्या होत्या. कौशल्येने घमेलं पुढे केलं. इंदुमतीने पदर हाताला गुंडाळून ते घेतलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. मग आपोआप रांग लागली. माती काढताना लागते तशीच, चार पावलांवर एकेक माणूस. भरलेलं घमेलं जायचं, रिकामं यायचं. गुलाबराव आणि बळवंत दोघं ओढत होते. कुणी ओरडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. ही माणसं काम करत होती.

ढोल थांबला. "पुलिस को फ़ोन करो," कुणीतरी म्हणालं. "अरे, आग बुझा देंगे ये लोग!" जाळ बुडातून खचला आणि एका अंगाला कलला. लेकरं घेऊन माणसं मागे सरली.

मीनाक्षी गर्दीतून पुढे आली. तिचा आवाज दबका होता. "कौशल्याबाई, असं सगळ्यांसमोर नका ना करू. मी उद्या बघते म्हटलं होतं."

"थंडी आज हाये, ताई. ती उद्यावर कशी ठिवू?" कौशल्येने तिच्याकडे न बघता घमेलं उचललं. "मपलं हाये ते मी नेती. तुमचे शेंगदाणे हितंच हायेत, बघा."

 बाजूच्या माणसाने मीनाक्षीला हिंदीत विचारलं, ही काय म्हणते? तिने मान हलवली आणि आपल्याला कळलं नसल्यासारखं केलं.

शेवटच्या खेपेला कौशल्येने फावड्याच्या टोकाने तो दोन बोटांचा दगड लोटत बाहेर काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि पोटाशी धरला.

"अब पत्थर भी ले जाएगी?" पहारेकरी म्हणाला.

"पत्थर भी हमारा है."

पालात खाटेखाली घमेलं होतं. ऊब वर चढत होती, प्लास्टिकवरचं पाणी हळूहळू सुकत होतं. कौशल्येने दगड आणखी एका पोत्यात गुंडाळून सुनंदाच्या पायाशी ठेवला. थोड्या वेळाने पोरीने पाय ताणले आणि ती खणखणीत रडली. कौशल्या खाटेला टेकून बसली आणि तिने पहिल्यांदाच आपले हात पाहिले. तळव्यांना फोड आले होते.

सकाळी पद्माकर आला. तो खालीच बघत होता. "दुपारपातुर पालं काढा म्हन्लाय. सगळ्यांनी."

कुणी वाद घातला नाही. बांबू उपसले, प्लास्टिक गुंडाळलं, खाट म्हातारीच्या घरी पोहोचवली. म्हातारीने पोरीला छातीशी धरलं आणि तिच्या गावात एका छपराखाली महिनाभर राहा, असं हातवाऱ्यांनी सांगितलं. बाकीचे वाटेला लागले तरी गुलाबराव दिसेना.

तो फाटकासमोर होता. तिथे साहेबांच्या बागेसाठी एक मोठा खुंट काढायला घेतला होता, अर्धा मोकळा झालेला. गुलाबराव खोऱ्याने माती परत खड्ड्यात लोटत होता. मुळ्यांच्या फटीत ती हाताने दाबत होता.  कौशल्येने पाण्याचा डबा आणला आणि त्यावर ओतला. मग कमरेवरच्या बोचक्यातला दगड काढून खुंटाच्या डोक्यावर ठेवला. खूण जाळाने काळी पडली होती, पण दिसत होती.

पहारेकरी आला. "ये क्या कर रहे हो? गड्ढा क्यों भरा?"

गुलाबरावाने हात झटकले. त्याला पुढचं हिंदीत जमण्यासारखं नव्हतं आणि जमवावंसंही वाटलं नाही. तो मराठीतच म्हणाला, "मुळ्या आमच्या. आमच्या आम्ही हितंच ठिवल्यात."